मळ जातो कोठे?

धर्मशास्त्रात ‘द्रव्यशुद्धि’ नावाचे एक प्रकरण आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात ते येते, मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही तोच विषय आहे. पाठशाळेत हे प्रकरण लागले की विद्यार्थ्यांना जांभया येत. आत्मा, ब्रह्म, माया हे सोडून ऋषी भांडी घासायला कशाला बसले, असे त्या वयात वाटे. तांबे आंबटाने शुद्ध होते, कासे राखेने, डाग न लागलेले सोने नुसत्या पाण्याने. लोकरीचे कांबळे रिठ्याने धुवावे, जवसाच्या सुताचे वस्त्र पांढऱ्या मोहरीने. पाठ करायचे आणि पुढे जायचे. आज साठी उलटल्यावर मात्र वाटते, की या कोरड्या यादीच्या आड एक मोठा प्रश्न उभा आहे आणि आपण वारकऱ्यांनी तरी तो टाळू नये. वस्तू शुद्ध झाली म्हणजे नेमके काय झाले? मळ नाहीसा झाला, की आपल्या डोळ्यांआड गेला?

यंदा दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरी या प्रकरणाची जणू परीक्षाच झाली. पाटणचा पावसाळा म्हणजे काय, हे कोयनाकाठच्या मंडळींना सांगायला नको. ज्येष्ठात लागलेला पाऊस आश्विनात कोठे उसंत देतो. तोवर पोथीच्या बासनालाही बुरशी धरते, देवाची उपकरणी घासल्यापासून चार दिवसांत काळवंडतात, समईवर तेलाचा आणि काजळीचा थर बसतो. सूनबाई नोकरी सांभाळून घर पाहते. तिने बाजारातून भुकट्या, पातळ साबण, बाटल्या आणल्या. आमचे कुटुंब चिंच आणि राख या पक्षाचे. वाद नको म्हणून आम्ही म्हटले, दोन्ही करून पाहू आणि काय होते ते टिपून ठेवू. कीर्तनकाराला मोकळा वेळ मिळाला की तो काय करील याचा नेम नाही, असे शेजारी म्हणाले. म्हणोत बापडे.

पहिल्याने ताम्हण घेतले. अर्ध्या भागाला भिजवलेली चिंच आणि मीठ, उरलेल्या अर्ध्याला दुकानची पितांबरी. दोन्ही बाजू लख्ख निघाल्या. भुकटीने काम लवकर झाले, चिंचेला थोडा वेळ लागला, एवढाच फरक. तांब्यावरचा काळा-हिरवा थर हा बाहेरून येऊन बसलेला मळ नव्हेच मुळी. हवेतला प्राणवायू आणि ओल यांच्याशी तांब्याचाच संयोग होऊन तो बनतो. चिंचेतले आम्ल त्याला विरघळवते. तांब्यापितळेच्या भुकट्यांतही बहुधा आम्लाचाच गुण आणि जोडीला घासणारी बारीक पूड असते. म्हणजे स्मृतिकारांचे आंबट दोन्हीकडे आहेच. पण मग यातून आणखी एक गोष्ट निघते. जो थर गेला, त्यात तांबेही गेले. दर घासण्याला भांडे कणभर झिजते. आमच्या आजोबांच्या वेळची पळी-पंचपात्री आहे, तिच्यावर कोरलेले नाव आता बोटाला लागते, डोळ्याला दिसत नाही. शुद्धीचा अतिरेक करणाऱ्या कर्मठाचेही असेच होत असावे. असो, तो विषय वेगळा.

खरे शिकवले ते समईने. जुने तेल वाळून चिकट झाले की आंबटाला दाद देत नाही. राख आणि गरम पाणी घेतले, निघाले. पातळ साबणाचे चार थेंब घेतले, तेही निघाले, आणि हात कमी दुखले. आता राखेत काय असते? लाकडाच्या राखेत क्षार असतो. तेलाशी त्याची गाठ पडली की तेथल्या तेथे थोडासा साबणच तयार होतो. रिठ्याच्या सालीत फेस आणणारे द्रव्य जन्मतःच आहे. आणि साबण करतो काय? त्याच्या प्रत्येक कणाला दोन तोंडे असतात असे म्हणा ना. एक तोंड तेलाला धरते, दुसरे पाण्याला. तो मधे उभा राहून तेलाचा हात पाण्याच्या हातात देतो. वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. साबण मळाला मारत नाही, जाळत नाही. तो त्याला पाण्याच्या हवाली करतो. समई स्वच्छ झाली तेव्हा मळ समईवरून पाण्यात गेला आणि पाणी मोरीतून गेले. मळ होता तेवढाच आहे, उलट साबणाची त्यात भर पडली.

टाळ कासे धातूचे, ते राखेने चोळून कोरड्या फडक्याने पुसले. वीणेला पाणी लावायचेच नाही. दाराच्या चौकटींना जवसाचे तेल दिले. यांत विशेष सांगण्याजोगे काही नाही.

राहिली ती शौचकूपाची बाटली. तिच्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचे वर छापलेले होते. वर्षानुवर्षांचे पिवळे डाग तिने पाहता पाहता काढले, हे कबूल केलेच पाहिजे. (येथे एक सूचना. ज्यांच्या घरी ब्लीचिंग पावडर असेल त्यांनी ती या आम्लाजवळही नेऊ नये. दोहोंचा संयोग झाला की क्लोरिन वायू सुटतो आणि कोंदट न्हाणीघरात तो जिवावर बेततो.) मोरीची फरशीही त्याच बाटलीने उजळली आणि धुवण परसात गेले. परसात मोरीच्या पाण्यावर अळूचा वाफा. तिसऱ्या दिवशी सूनबाई म्हणाली, “मामंजी, अळू करपलं बघा. मोरी चकचकीत झाली, पण वडीला पान नाही उरलं.”

आम्ही जाऊन पाहिले. कडा जळल्यासारख्या झाल्या होत्या. चिंचेचे, राखेचे, भाताच्या पेजेचे पाणी तो वाफा आजवर बिनतक्रार पीत आला होता.

अळू परसात होते म्हणून दिसले. परसाच्या पलीकडचे दिसत नाही, पण ते आहे. आमच्या गावचे सांडपाणी गटारातून ओढ्याला, ओढ्यातून केरेला किंवा कोयनेला मिळते. केरा आणि कोयना यांचा संगम तर पाटणलाच आहे. कोयना कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला भेटते. कृष्णा पुढे सांगलीला जाते, ते शहर तिचेच पाणी पिते. तेथून नरसोबाची वाडी, मग कर्नाटक. आणि पुढे रायचूरच्या उत्तरेस भीमा येऊन कृष्णेला मिळते. ही भीमा म्हणजेच आपली चंद्रभागा. पंढरीच्या वाळवंटाला वळसा घालून निघालेले पाणी आणि पाटणच्या मोरीतून निघालेले पाणी अखेर एका पात्रात येतात. आपण वारीला निघतो तेव्हा आपले पाय पंढरीला जातात, पण घरचे सांडपाणी रोजच वारीला निघालेले असते, हे आमच्या ध्यानात या निमित्ताने आले.

भागवताच्या नवव्या स्कंधात, नवव्या अध्यायात भगीरथाची कथा आहे. कीर्तनात आपण ती रंगवून सांगतो. गंगेचा वेग, शंकराची जटा, सगरपुत्रांचा उद्धार. पण त्याआधी गंगेने भगीरथाला विचारलेला एक प्रश्न घाईत निसटून जातो. ती विचारते, की मी पृथ्वीवर आले तर माणसे आपले पाप माझ्यात धुतील. मग ते पाप मी कोठे धुवावे, याचा विचार तू केला आहेस काय? किती व्यवहारी प्रश्न आहे पहा! घरात सर्वांचे कपडे धुणारी बाई असा प्रश्न विचारू शकते. देवीने विचारावा याचे आम्हांला फार कौतुक वाटते. भगीरथाने उत्तर दिले, की ज्यांच्या ठायी हरी राहतो असे साधू तुझ्यात स्नान करतील आणि त्यांच्या अंगस्पर्शाने तुझे पाप जाईल. म्हणजे तेथेही मळ आपोआप नाहीसा होत नाही. तो कोणाला तरी घ्यावा लागतो. ज्याला घेता येतो तो साधू.

कोणी म्हणेल, शास्त्रानेच सांगितले आहे की नदी आपल्या वेगाने शुद्ध होते, मग चिंता कसली? सांगितले आहे खरे. पण ‘वेगाने’ हा शब्द सोडून अर्थ लावू नये. ज्या काळी हे लिहिले त्या काळी नद्या वाहत होत्या आणि त्यांत पडणारा मळ राख-रिठ्याचा होता. आज आमच्या कोयनेवर धरण आहे. १९६० नंतरच्या दशकात ते पुरे झाले आणि तिचे बरेचसे पाणी डोंगराखालच्या बोगद्यातून वीजघराकडे, पोफळीकडे वळून वाशिष्ठीला जाते. भीमेवर उजनीचे धरण १९८० साली झाले; आषाढीला चंद्रभागेत स्नानापुरते पाणी राहावे म्हणून तेथून पाणी सोडावे लागते. आम्ही धरणांच्या विरुद्ध नाही. त्या विजेच्या दिव्याखालीच हे लिहीत आहोत. इतकेच म्हणणे, की वेग आपण घेतला असेल तर वेगाने होणारी शुद्धीही थोडी कमी झाली, हा हिशेब मांडला पाहिजे.

आळंदीला जाणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना पाहिला असेल. वरच्या अंगाच्या वस्त्यांचे न शुद्ध केलेले सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी हे त्याचे कारण. फेस येतो तो साबणाच्याच जातीच्या द्रव्यांनी. पाश्चात्त्य देशांनाही हा अनुभव १९५० नंतरच्या काळात आला होता. तेव्हा निघालेल्या साबण-भुकट्यांतले द्रव्य पाण्यातल्या जंतूंना पचत नसे, म्हणून नद्यांवर फेसाचे ढीग साचत. पुढे १९६५ च्या सुमारास पचणारे द्रव्य वापरण्यास त्यांनी सुरुवात केली, तेव्हा फेस पुष्कळ ओसरला. आपल्याकडेही आज बव्हंशी पचणारेच द्रव्य वापरतात, पण पचवायला नदीत श्वास तर हवा! तुकोबारायांनी एका अभंगात साबणाचा दृष्टांत घेतला आहे. पाणीच निर्मळ नसेल तर साबणाचा काय उपयोग, तसे चित्त शुद्ध नसेल तर बोधाचा काय उपयोग, असा त्याचा भाव. आजवर आम्ही निरूपणात झटकन चित्तशुद्धीकडे वळत असू. दृष्टांत तो दृष्टांत, त्यात काय पाहायचे? आज मात्र त्याच इंद्रायणीच्या काठी, देहू आणि आळंदी यांच्या मधे, तो दृष्टांतच अक्षरशः उभा आहे.

यावरून कोणी असे समजू नये, की जुने ते सर्व पवित्र आणि दुकानचे ते सर्व पाप. तसे म्हणणे सोपे आहे आणि टाळीही मिळते. पण एकोणिसाव्या शतकात पंढरीच्या यात्रेत पटकी पसरे आणि परत फिरणाऱ्या यात्रेकरूंबरोबर ती गावोगाव जाई. तो मळ राखेने गेला नाही. विहिरीत ब्लीचिंग पावडर पडू लागली, नळाने क्लोरिनचे पाणी आले, पालखीच्या वाटेवर शौचालये आली, तेव्हा वारी निर्धास्त झाली. आणि राख आणायची कोठून? घरोघर गॅस आला, चुली गेल्या. ज्या आयाबहिणींनी जन्मभर राखेने भांडी घासली त्यांच्या हातांच्या भेगा आम्ही पाहिल्या आहेत. सूनबाईने पातळ साबण घेतला तर तिला कोणत्या तोंडाने नाही म्हणावे? प्रश्न द्रव्याचा नाही. किती घेतले आणि पुढे कोठे सोडले, हा आहे. जेथे चार थेंबांनी भागते तेथे अर्धी वाटी ओतणे, आणि जेथे काथ्याने घासून निघते तेथे आम्ल टाकणे, याला स्वच्छता म्हणत नाहीत. तो आळस होय, आणि त्याची मजुरी नदी भरते.

नदी एकटीच भरते असेही नाही. स्मृतींनी भांड्याची शुद्धी बारकाईने सांगितली, पण जो माणूस गावाचा मळ उचलतो त्यालाच अशुद्ध ठरवून गावकुसाबाहेर ठेवले. आम्ही त्याच स्मृती शिकलेले आहोत, म्हणून हे स्पष्ट बोलण्याचा आम्हांला अधिकार आहे आणि ते आमचे कर्तव्यही आहे. मळ करणारा शुद्ध, मळ उचलणारा अशुद्ध, हा न्याय कोणत्या तर्कात बसतो? चोखोबांनी मेलेली ढोरे ओढली, मंगळवेढ्याला भिंतीखाली देह ठेवला. त्यांच्या समाधीसमोर वाकल्यावाचून आपण महाद्वारातून आत जात नाही. हाताने मैला उचलायला लावण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली आणखी कडक झाला. तरी गटारात उतरलेली माणसे गुदमरून गेल्याच्या बातम्या अजून येतात. त्या वाचल्यावर टाळ हातात घेताना क्षणभर हात अडखळतो.

गाडगेबाबा परिटाच्या घरात जन्मले. १८७६ ते १९५६ या त्यांच्या आयुष्यात त्यांनी किती गावे झाडली याची मोजदाद नाही. दिवसा हातात खराटा, रात्री कीर्तन. बरेच कीर्तनकार, आम्ही धरून, या दोहोंतले रात्रीचे तेवढे घेतो. त्यांच्याच नावाने २००० साली राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. ते सुरू करणारे आर. आर. पाटील आपल्या तासगाव तालुक्यातले. त्या अभियानात गावोगाव शोषखड्डे झाले, ते आम्हांला सर्वांत आवडले. खड्डा खणायचा, तळाशी मोठे दगड, वर लहान खडी, वर वाळू. सांडपाणी त्यात जाते आणि मुरते. माती मळ पुढे पाठवत नाही. तिच्यातले जीवजंतू तो खाऊन टाकतात. मनू आणि याज्ञवल्क्य यांच्या शुद्धीच्या यादीत मृत्तिका वारंवार येते, तिचे मोल येथे कळते.

मुरवणे! काय नेमका शब्द आहे. पाणी मुरवतात, लोणचे मुरवतात, आणि अपमानही मुरवतात. कीर्तनानंतर भेटायला येणारी मंडळी आम्हांला पुष्कळदा सांगतात, “महाराज, काल घरी सगळं बोलून टाकलं, मन कसं स्वच्छ झालं.” ऐकून बरे वाटते. पण मनातला मळ गेला कोठे? बायकोवर गेला, मुलावर गेला, हाताखालच्या गड्यावर गेला. तुमची मोरी चकचकीत झाली, आणि पलीकडे कोणाचे अळू करपले ते पाहिले का? गड्याने तो घरी नेला असेल, त्याच्या बायकोने सोसला असेल, तिने पोराच्या पाठीत धपाटा घातला असेल. क्रोधाचाही केरा-कोयना-कृष्णा असा प्रवास असतो. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात शौचाचे निरूपण करताना माउलींनी बाहेरचे शौच आणि आतले शौच एकत्र पाहिले आहे, एकावाचून दुसरे फोल म्हटले आहे. आम्हांला वाटते, दोन्हींची कसोटीही एकच ठरते. तुमच्या शुद्धीमुळे पुढचा माणूस मळला का?

नाथांची कथा सर्वांना ठाऊक आहे. पैठणला गोदावरीचे स्नान करून येताना एक माणूस त्यांच्या अंगावर थुंकत राहिला आणि नाथ पुन्हा पुन्हा स्नानाला जात राहिले. कीर्तनात आपण आकडा सांगतो, एकशे आठ वेळा, आणि श्रोते नाथांच्या शांतीला नमस्कार करतात. पण स्नानाने नाथांचे फक्त अंग शुद्ध झाले. तो राग, तो अपमान त्यांनी कोणाच्या हवाली केला? घरी जाऊन गिरिजाबाईंवर काढला नाही. त्या माणसालाही परत दिला नाही. तो त्यांच्यात मुरला. भगीरथाने गंगेला सांगितलेले साधू ते हेच असावेत.

सामान्याला इतके कोठले जमायला, असे आम्हीही म्हणतो. तरी जनाबाईंचा संसार डोळ्यांपुढे आणावा. जनी झाडलोट करते आणि देव केर भरतो, डोक्यावर पाटी घेऊन लांब नेऊन टाकतो. या अभंगावर निरूपण करताना भक्तवात्सल्य सांगतात, ते बरोबरच आहे. पण आमचे लक्ष हल्ली दुसरीकडे जाते. झाडणे जनीकडे आहे. झाडून झाल्यावर जो केर उरतो त्याची काळजी पांडुरंगाने स्वतःकडे घेतली आहे. झाडणे एकदा डोळ्यांना सुख देते तरी. केर उचलण्यात ते सुख नाही, आणि बरोबर तेच काम देवाने पत्करले.

आमच्या दिंडीत गेल्या आषाढीपासून एक रीत पडली आहे. चंद्रभागेत बुडी मारायची ती नुसती. साबण लावायचा तर बादली भरून काठापासून दूर, मातीवर. जुने धोतर, लुगडे नदीत सोडायचे नाही, बांधून परत आणायचे. पहिल्या दिवशी दोघा वृद्धांनी तोंड वाकडे केले. साबण लावल्याशिवाय तीर्थस्नान कसले, म्हणाले. त्यावर एक बाई फटकन म्हणाल्या, “आबा, तीर्थाला धुवायचंय का तुमाला?” त्यानंतर कोणी बोलले नाही.

घरी परसात मोरीच्या तोंडाशी शोषखड्डा झाला. ताम्हण चिंचेने निघते, पाहुणे असतील तेव्हा भुकटीने. भांड्यांना पातळ साबण मोजून. शौचकूप आठवड्यातून दोनदा नुसत्या ब्रशाने घासले तर डाग धरत नाहीत, असे सूनबाईच्या पाहण्यात आले. पण ती आम्लाची बाटली अर्धी उरली आहे. खड्ड्यात ओतावी तर त्यातले जीवजंतू मरतील, गटारात ओतावी तर केरा आहेच, कचऱ्याच्या गाडीत द्यावी तर ती उचलणाऱ्याच्या हातावर फुटली म्हणजे? गंगेचा प्रश्न आमच्या घरात बाटलीच्या रूपाने येऊन बसला आहे. तूर्त ती न्हाणीच्या फडताळात, मुलांचा हात पोचणार नाही अशा वरच्या खणात ठेवली आहे.